सीना : काठावरच्या खुणा आणि मधला प्रवाह

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. ते ज्या खोऱ्यात वसले आहे त्या सीना नदीची ओळख मात्र शाळेत बहुधा 'भीमेची उपनदी' एवढ्यावरच संपते. वास्तविक भूगोल, इतिहास आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय एकत्र शिकवता येतील अशी ही नदी आहे.

अहिल्यानगरजवळच्या डोंगरांत उगम पावून सीना आग्नेयेकडे वाहते, काही अंतर धाराशिव व सोलापूर जिल्ह्यांची सीमा होते आणि हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. हा सारा पर्जन्यछायेचा प्रदेश. जमिनीखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढे पाणी मुरते, तेवढेच पावसाळ्यानंतर हळूहळू पाझरून नदीत येते. म्हणूनच ही नदी उन्हाळ्यात आटते आणि जोराच्या पावसात दुथडी वाहते. काठापासून दूर, उथळ मातीच्या माळांवर झाडांपेक्षा गवतच चांगले वाढते. माळढोकाचे घर ते हेच.

माणसाच्या खुणाही याच खोऱ्यात आहेत. इ.स. १४९० मध्ये अहमदनगर शहर सीनेकाठी वसले. विजापूरची प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफ १५४९ मध्ये त्या शहरात ओतली गेली, पुढे परंड्याच्या भुईकोटात आली आणि १६३२ मध्ये तेथून विजापूरला गेली. हत्तरसंग-कुडलच्या संगमावरील मंदिरात शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते.

यांपैकी परंड्याचा किल्ला संरक्षित स्मारक आहे. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. म्हणजे नकाशावरचे काही ठिपके सुरक्षित झाले, पण त्यांना जोडणारी रेषा, म्हणजे नदी, तशीच राहिली.

नदीच संरक्षित करता येते का? अमेरिकेने १९६८ मध्ये तसा कायदा केला. सुरुवातीला आठ नद्यांचे प्रवाह त्यात घेतले. प्रवाह मोकळा वाहता असावा आणि सौंदर्य, भूरचना, वन्यजीव, इतिहास यांपैकी निदान एक असाधारण मूल्य त्याच्यापाशी असावे, अशी अट आहे. दोन्ही काठांची सरासरी पाव मैल रुंदीची पट्टी विचारात घेतात. त्या पट्टीतील खाजगी जमीन खाजगीच राहते. प्रवाह अडवणाऱ्या नव्या धरणांना मात्र मनाई असते.

हा कायदा जसाच्या तसा सीनेला लागू पडणार नाही. सीना-कोळेगाव प्रकल्पासारखी धरणे या दुष्काळी भागाची गरज आहेत. काठाच्या पट्टीचा विचार मात्र आपल्याही उपयोगाचा आहे. महाराष्ट्राने २००० साली नदीपासूनच्या अंतरानुसार उद्योगांवर बंधने घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरण आणले होते; २०१५ मध्ये ते रद्द झाले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला मोठा पूर आला. परंडा, करमाळा, माढा तालुक्यांत काठच्या गावांत पाणी शिरले, शेतांतील माती खरवडून गेली. पुराचे पाणी जेथे पसरते ती जागाही नदीचीच असते. तेथे गवत-झुडपे असली तर पाण्याचा वेग कमी होतो आणि माती धरून राहते.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. आपल्या गावाजवळचा नदीचा किंवा ओढ्याचा एक किलोमीटर निवडावा. पाणी उतरलेले असताना, मोठ्या माणसांच्या सोबतीने, मुलांनी त्याचा नकाशा काढावा. त्यात खडक, डोह, झाडे, पक्षी, घाट, देऊळ, सांडपाणी मिळण्याची जागा आणि पुराच्या पाण्याची खूण या नोंदी असाव्यात. हेच काम दरवर्षी त्याच महिन्यात करावे. पाच वर्षांचे नकाशे शेजारी शेजारी लावले की नदीचे काय गेले आणि काय उरले, हे मुले स्वतःच सांगतील. कोणता काठ राखायचा हे ग्रामसभेत ठरवायचे झाले, तर त्या चर्चेला आधार देणारी नोंद गावात तयार असेल.