एक्सलचा पीळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९४७ साली महिंद्रांनी विलीज जीपांची जुळणी मुंबईत सुरू केली, आणि १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा कारखाना कांदिवलीस उभा राहिला. तेव्हा डोंगरवाटांवर आणि चिखलात राबणारी वाहने हा उपनगरवासीयांना जवळचा विषय असल्यास नवल नाही. परंतु चाकापर्यंत शक्ती पोहोचविणारा जो पोलादी दांडा, म्हणजे एक्सल शाफ्ट, त्याच्या बळाविषयी अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या गॅरेजांत जे समज रूढ आहेत, त्यांची खातरजमा केल्यावाचून पैसे खर्च करणे हितावह नाही.

गैरसमज : दोन-तीन मिलिमीटर जाडीने काय फरक पडणार?
वस्तुस्थिती : भरीव दांड्याची पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सबब ३० मिलिमीटरच्या जागी ३३ मिलिमीटरचा दांडा घातला, तर व्यास एकदशांशाने वाढूनही बळ सुमारे एकतृतीयांशाने वाढते. मात्र हा व्यास मोजावयाचा तो दांड्याच्या सर्वांत बारीक ठिकाणी, आणि ते ठिकाण बहुधा टोकाच्या दात्यांच्या बुडाशी असते. मधला भाग कितीही पुष्ट असला, तरी दात्यांजवळची उणीव त्याने भरून निघत नाही.

गैरसमज : उंची पोलाद घेतले की काम झाले.
वस्तुस्थिती : निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम यांच्या मिश्रणाचे 'ईएन २४' पोलाद साध्या 'ईएन ८'पेक्षा श्रेष्ठ खरे; पण त्याचे श्रेष्ठत्व योग्य पाणी दिल्यावरच प्रकट होते. पिळाचा ताण पृष्ठभागावर सर्वाधिक आणि मध्यरेषेवर शून्य असतो. म्हणून वरचा थर कठीण आणि गाभा चिवट राखणे, हेच या विद्येचे मर्म होय. याच कारणास्तव पृष्ठावरचा एखादा ओरखडा पुढे तड्याचे मूळ ठरतो.

गैरसमज : इंजिन दांडगे नसेल, तर एक्सल मोडण्याचे भय नाही.
वस्तुस्थिती : युद्धकालीन विलीज जीपच्या इंजिनाचा पीळ अवघा १०५ फूट-पौंड होता. परंतु पहिल्या गिअरचे २.६६५, ट्रान्सफर केसचे १.९७ आणि डिफरेन्शियलचे ४.८८ ही गुणोत्तरे एकमेकांस गुणली, म्हणजे तो सुमारे पंचवीसपट होतो. साधे डिफरेन्शियल हा भार दोन्ही बाजूंस सारखा वाटते. तेच लॉक केले आणि एक चाक अधांतरी राहिले, तर जमिनीला टेकलेल्या चाकाच्या दांड्यावर जवळजवळ सगळा पीळ येऊन पडतो. भरीला टायर मोठे बसविले, की चाकाची पकड ज्या पिळास सुटावयाची, ती मर्यादाही वाढते.

गैरसमज : समान व्यासाचे दोन दांडे समान टिकाऊ.
वस्तुस्थिती : 'फुल फ्लोटिंग' रचनेत गाडीचे वजन बाहेरची नळी व हबचे बेअरिंग वाहतात, आणि दांड्याकडे केवळ पिळाची जबाबदारी राहते. 'सेमी फ्लोटिंग' रचनेत तोच दांडा वजनही तोलतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक तो किंचित वाकतो, आणि हे लाखो वेळा घडल्यावर एरवी सहज सोसला असता अशा भारानेही तुटतो.

म्हणून तुलना करू इच्छिणाऱ्याने दुकानात तीन गोष्टींचा तपशील मागावा : दात्यांच्या बुडाशी व्यास किती, पाणी किती खोलवर दिले आहे, आणि वजन कोण वाहते. तसेच मोडलेला दांडा भंगारात टाकण्यापूर्वी त्याचा तुटलेला चेहरा एकवार निरखावा. दाते पिळवटून तिरपे झाले असतील, तर भार अतोनात होता. आणि अर्धा भाग गुळगुळीत, लाटांसारख्या रेषांचा, व उरलेला खरखरीत असेल, तर तडा फार दिवसांपूर्वीच पडला होता. पहिल्या प्रसंगी अधिक बळकट दांडा, अथवा चालकाचा अधिक संयम, हा उपाय. दुसऱ्या प्रसंगी मात्र ओरखडा, बेअरिंग किंवा रचना यांतील मूळ दोष शोधल्याशिवाय नवा दांडाही जुन्याच्याच वाटेने जाईल.