उंदराचा जनुकनकाशा आणि पाळण्यातले बाळ

एका जनुकापासून एक प्रथिन, हे सूत्र आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले. मग लक्षावधी प्रकारची प्रतिपिंडे घडविणारे शरीर तेवढी जनुके आणते कोठून? या कोड्याचे उत्तर उंदराने दिले.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सुसुमु टोनेगावा व नोबुमिची होझुमी यांनी १९७६ साली उंदराच्या भ्रूणातील डीएनए आणि प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या अर्बुदपेशींतील डीएनए यांची तुलना केली. भ्रूणात परस्परांपासून दूर असलेले जनुकखंड अर्बुदपेशींत एकमेकांना जोडलेले आढळले. म्हणजे प्रतिपिंडाचे जनुक वारशाने अखंड मिळत नाही. गोधडी शिवावी तसे प्रत्येक बी-पेशी ते तुकडे जोडून सिद्ध करते. या शोधासाठी टोनेगावांना १९८७चे नोबेल पारितोषिक लाभले.

पुढे तुकड्यांची मोजदाद झाली. प्रतिपिंडाच्या जड शृंखलेची जनुके उंदराच्या बाराव्या गुणसूत्रावर आहेत. २००६ साली तेथील १९५ ‘व्ही’ खंडांचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ११० कार्यक्षम असावेत. त्यांच्या जोडीला काही ‘डी’ आणि चार ‘जे’ खंड. निवड व जोडणी यांतील फेरफारांतून अफाट वैविध्य निर्माण होते.

हे तुकडे कापणारी कात्री म्हणजे ‘रॅग-१’ व ‘रॅग-२’ ही प्रथिने. १९९२ साली ही जनुके निकामी केलेल्या उंदरांत परिपक्व बी व टी पेशी तयारच झाल्या नाहीत. १९९६ साली हाच दोष तीव्र प्रतिकारक्षमताहीन अर्भकांतही सापडला.

आम्हा बालरोगतज्ज्ञांचा संबंध येथे येतो. असे बाळ जन्मतः धडधाकट दिसते आणि आपल्याकडे बीसीजी जन्मतःच दिली जाते. निरोगी बाळाला ती अवश्य द्यावी. परंतु या बाळाच्या शरीरात लसीतील जिवंत जंतू सर्वत्र पसरू शकतात. म्हणून सुई उचलण्यापूर्वी मी दोन प्रश्न विचारतो : घरात एखादे तान्हे मूल दगावले होते का? लग्न नात्यातले आहे का? पूर्वीच्या बाळाचा मृत्यू जंतुसंसर्गाने किंवा अज्ञात कारणाने झाला असेल, तर लस थांबवून प्रथम लिम्फोसाइटची संख्या पाहावी. अर्भकात ती घनमिलिमीटरला तीन हजारांहून कमी भरली, तर पुढील तपासण्या तातडीने कराव्यात. वेळेवर निदान झाल्यास मूलपेशी प्रत्यारोपणाने बाळ वाचू शकते.

उंदराच्या बाराव्या गुणसूत्रापासून आपल्या लसीकरण कक्षापर्यंतचे अंतर वाटते तितके मोठे नाही.