त्रिशाख मज्जातंतूचा शूल : सीटी-प्रतिमा, सुई आणि रुग्णाचा शब्द

‘चेहऱ्याच्या मज्जातंतूचे दुखणे’ हा रूढ शब्दप्रयोग शारीरशास्त्राच्या दृष्टीने फसवा आहे. शारीरशास्त्र ज्याला आनन-मज्जातंतू म्हणते तो सातवा मस्तिष्क-मज्जातंतू मुख्यतः चालक होय. हसणे, डोळा मिटणे, ओठ मुरडणे ही त्याची कामे. चेहऱ्याची संवेदना, आणि म्हणून वेदनाही, वाहून नेतो तो पाचवा, म्हणजे त्रिशाख मज्जातंतू. हा भेद चार्ल्स बेल प्रभृतींच्या संशोधनाने १८२० नंतरच्या दशकात स्पष्ट झाला. तत्पूर्वी चेहरा दुखतो म्हणून सातवाच मज्जातंतू छेदण्याचे प्रसंग घडले होते; त्यात चेहरा लुळा पडे आणि वेदना तशीच राही. नावातील संदिग्धतेची किंमत इतकी भारी पडल्याची उदाहरणे विरळाच. मराठीत तर ‘शीर’ हा शब्द रक्तवाहिनी व मज्जातंतू या दोहोंसही लागतो. गंमत अशी की, पुष्कळ रुग्णांत या शूलाचे मूळ मज्जातंतूच्या मुळाशी टेकलेल्या रोहिणीच्या दाबात असते. म्हणजे शीरच शिरेला छळते!

हा शूल ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे रुग्णाचे वर्णन. मराठीत ‘ठणका’ सलग व ठोक्याठोक्याचा असतो, ‘कळ’ उठते आणि ओसरते, ‘सणक’ विजेसारखी येते आणि क्षणात जाते. त्रिशाख-शूल सणकेच्या जातीचा आहे. तोंड धुताना, घास चावताना, वाऱ्याची झुळूक लागताना चेहऱ्याच्या एका बाजूस सणका मारतात. दोन सणकांच्या मध्ये रुग्ण बहुधा स्वस्थ असतो. ‘दाढ दुखते’ एवढेच ऐकून निरोगी दाढा उपटल्या गेल्याचे प्रकार या व्याधीच्या इतिहासात वारंवार आढळतात. सणक की ठणका हा प्रश्न म्हणूनच केवळ कोशकाराचा नव्हे.

१९६२ पासून कार्बामाझेपिन हे औषध या शूलावर वापरात आहे. ते निष्फळ ठरल्यास, सोसेनासे झाल्यास, किंवा कवटी उघडून रोहिणी दूर सारण्याची शस्त्रक्रिया रुग्णाच्या वयामुळे अथवा प्रकृतीमुळे इष्ट नसल्यास, उच्च कंप्रतेच्या विद्युत्-प्रवाहाने मज्जातंतूचा नेमका भाग तापवून निकामी करण्याचा मार्ग उरतो. या उपचारालाच रेडिओफ्रीक्वेन्सी उपचार म्हणतात. त्याची आधुनिक पद्धती स्वीट आणि वेप्सिक यांनी १९७४ साली मांडली. गालातून सुई नेण्याची वाट मात्र जर्मन शल्यविशारद हेर्टेल याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच आखून दिली होती.

ही वाट अशी. ओठाच्या कोपऱ्यापासून सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर बाहेर गालात सुई शिरते आणि कवटीच्या तळाशी असलेल्या अंडाकृती रंध्राकडे जाते. या रंध्राची लांबी सुमारे ७ मिलिमीटर, रुंदी सुमारे ४. त्यापलीकडे त्रिशाख मज्जातंतूची गुच्छिका, म्हणजे पेशींचा पुंजका, वसलेली असते. रंध्राचा आकार व कल माणसागणिक बदलतो. शेजारी इतर छिद्रे आहेत आणि जवळूनच अंतर्ग्रीवा रोहिणी जाते. साध्या क्ष-किरण छायेत पुढची-मागची हाडे एकमेकांवर पडतात, त्यामुळे सुई खरोखर कोणत्या छिद्रात शिरली याविषयी शंका राहू शकते. १९७१ मध्ये लंडनजवळ हाउन्सफील्डच्या यंत्राने रुग्णाच्या डोक्याची पहिली सीटी-प्रतिमा घेतली आणि छायेऐवजी छेद पाहण्याची सोय झाली. आता रुग्णाला उताणे निजवून पातळ छेद घेतात, गालापासून रंध्रापर्यंतची रेषा, तिचा कोन व खोली आधी मोजतात, आणि सुई थोडी पुढे नेऊन पुन्हा छेद पाहतात. अर्थात त्यासाठी रुग्णाला किरणांची काही मात्रा पत्करावी लागते.

परंतु सीटीत अस्थी जितकी ठळक दिसते तितके मज्जातंतूचे अंतरंग दिसत नाही. गुच्छिकेत अधोहनू शाखेचे तंतू बाहेरच्या अंगास, नेत्रशाखेचे आतल्या अंगास, आणि ऊर्ध्वहनू शाखेचे त्या दोहोंमध्ये असतात. सुईचे टोक रंध्रात आहे हे प्रतिमा सांगते. ते कोणत्या शाखेच्या तंतूंत आहे हे तिला सांगता येत नाही. ते रुग्णच सांगतो. सुई शिरेपर्यंत त्याला अल्पकाळ गुंगी देतात, मग जागे करून सेकंदास ५० स्पंदांचा अतिशय मंद प्रवाह सोडतात आणि विचारतात, “कोठे काय जाणवते?” मुंग्या किंवा झिणझिण्या नेहमीच्या दुखऱ्या जागीच आल्या तर टोक योग्य ठिकाणी आहे, अन्यथा ते हलवावे लागते.

भाषाभ्यासकाने रेंगाळावे अशी हीच जागा. ‘दाढेत मुंग्या येतात’ हे उत्तर अपुरे आहे, कारण वरची दाढ ऊर्ध्वहनू शाखेची आणि खालची अधोहनू शाखेची. ‘जबडा’ हा शब्द बोलीत दोन्ही जबड्यांना चालतो. ‘गाल’ दोन शाखांच्या प्रदेशांवर पसरलेला आहे. भाषेने चेहऱ्याची केलेली वाटणी मज्जातंतूच्या वाटणीशी जुळत नाही. “ओठात येतात ना?” असे विचारल्यास गुंगीतून नुकता जागा झालेला माणूस बहुधा ‘हो’ म्हणेल. म्हणून उपचारापूर्वीच, रुग्ण पूर्ण शुद्धीत असताना, त्याच्याच बोलीतील शब्द बोटाने जागा दाखवून ठरवून घेणे आणि नंतर उत्तर न सुचवणारा प्रश्न विचारणे श्रेयस्कर.

जागा निश्चित झाल्यावर पुन्हा गुंगी देऊन टोक साधारणपणे ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत, सुमारे मिनिट-दीड मिनिट तापवितात. शूल थांबतो, त्याबरोबर त्या भागास थोडीफार बधिरता येते. काही वर्षांनी शूल परत येण्याचा संभव असतो, तेव्हा उपचार पुन्हा करता येतो. टोक चुकून नेत्रशाखेत गेले तर डोळ्याच्या स्वच्छमंडलाची संवेदना जाऊन तेथे नकळत व्रण होऊ शकतो. दृष्टीच पणास लागते. क्वचित प्रसंगी याहून विचित्र अवस्था उद्भवते. रुग्ण सांगतो की गाल बधिर आहे आणि तो सतत दुखतो. ऐकणाऱ्यास हे विधान परस्परविरोधी वाटते व रुग्ण गोंधळला आहे असा समज होतो. वस्तुतः ते अक्षरशः खरे असते. स्पर्श नेणारे तंतू नष्ट झाले तरी वेदनेची जाणीव मेंदूकडे उरू शकते. वैद्यकात या अवस्थेस वेदनायुक्त बधिरता असेच म्हणतात, आणि तिच्यावर उपाय करणे मूळ शूलापेक्षा कठीण असते.