दारू सोडायची, पण जपून!

गटारी झाली, श्रावण लागला की आमच्याकडे बरेच पुरुष महिनाभर बाटलीला शिवत नाहीत. कुणी माळ घालतं, कुणी लेकरांची शपथ घेतं. घरातल्या बाईला केवढं हायसं वाटतं! पण मैत्रिणींनो, वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली, तर पहिले चार-पाच दिवस फार जपावं लागतं.

असं का? आपल्या मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन असतं, ते ब्रेकचं काम करतं. दुसरं ‘ग्लुटामेट’, ते मेंदूला चेतवतं. दारू ब्रेक दाबते आणि चेतवणाऱ्याला गप्प बसवते. म्हणून पिणारा सैलावतो, जीभ अडखळते, तोल जातो. रोजच दारू येऊ लागली की मेंदूही तशी सवय करून घेतो. स्वतःचा ब्रेक ढिला करतो, चेतवणारी बाजू वाढवतो. अशात दारू अचानक थांबली, की गाडी उतारावर सुटलीच म्हणून समजा!

काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कुणाला फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत. आमच्या गल्लीत असंच झालं तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, “बाहेरचं आहे, अंगारा लावा.” त्या वहिनींनी मात्र रिक्षा बोलावली आणि सरळ दवाखाना गाठला. ते वाचले. कारण हे दुखणं जिवावर बेतू शकतं.

दवाखान्यात मेंदू शांत करणारी औषधं देतात आणि ती हळूहळू कमी करतात. सोबत ‘बी-वन’ जीवनसत्त्वही देतात. सतत पिणाऱ्यांच्या अंगात ते फार कमी झालेलं असतं, आणि वेळेवर मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारखी केंद्रं व्यसनमुक्तीचंच काम करतात.

तेव्हा माळ जरूर घालू द्या, पण त्याआधी डॉक्टरांना दाखवा. सोडवायची म्हणून खोलीत कोंडून ठेवू नका. फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर वाट न बघता १०८ला फोन करा. दारू सोडणं चांगलंच, पण ती सोडताना माणूस हाती राहिला पाहिजे ना!