बातमी खरी, पण पुरी?

लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाउसपाशी आम्ही गेलो, ते मनात एक जुना संस्कार घेऊन. ‘बीबीसीने सांगितले ना? मग खरेच!’ असे आमच्या घरची वडीलधारी मंडळी म्हणत.

इमारतीबाहेर जॉर्ज ऑर्वेलचा पुतळा आहे. तो २०१७ साली बसवला. हाच ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या हिंदुस्थान विभागात नोकरीला होता. त्याची युद्धवार्तांवरची भाष्ये सेन्सॉरच्या हाताखालून जात आणि मगच हिंदुस्थानात पोहोचत. त्याच्याबरोबर काम करीत होत्या वेणू चितळे, आपल्या मराठी बाई! आणि त्याच १९४२ साली इकडे मुंबईत उषा मेहता व त्यांचे साथीदार लपूनछपून काँग्रेस रेडिओ चालवीत होते. ऐकणाऱ्याने कान द्यावा कुणीकडे?

वाचकहो, पक्षपात म्हणजे दर वेळी खोटे बोलणे नव्हे. १९२६ च्या सार्वत्रिक संपात बीबीसीने कामगार संघटनांची निवेदनेही वाचून दाखवली. पण विरोधी पक्षनेते रॅमसे मॅक्डोनल्ड यांना मात्र बोलू दिले नाही. सरकार संस्थाच ताब्यात घेईल, ही धास्ती प्रमुख जॉन रीथ यांना होती. संस्था वाचली, एक बाजू मुकी राहिली.

तेव्हापासून घरी बातम्या लागल्या, की आम्ही रेडिओ बंद करीत नाही. फक्त मनाशी विचारतो, ‘आज कोणाचा आवाज ऐकू आला नाही?’

तुम्हीही विचारून पाहा. उत्तर बातमीइतकेच ऐकण्याजोगे असते!