सोडा वेगळा, पाक वेगळा : फसफसणाऱ्या पेयांतील वायू आणि सुरक्षितता

उन्हाळा सुरू झाला म्हणजे थंड पेयांना मागणी येते. कोकणात अमृत कोकम, देशावर लिंबाचे सरबत व उसाचा रस, विदर्भात संत्र्याचा रस अशी पेये घरोघरी व बाजारात तयार होतात. त्यांत गॅस भरला तर चव खुलते आणि भावही थोडा अधिक मिळतो, हे गोटी सोड्याच्या गाडीवर कोणीही पाहू शकतो. त्यामुळे अनेक गावांतून बचत गट व फळप्रक्रिया करणारे शेतकरी या धंद्याकडे वळत आहेत. हा उद्योग चांगला आहे. परंतु गॅस भरलेली बंद बाटली ही एक दाबाखाली असलेली वस्तू आहे, हे ध्यानात न घेतल्यास ती फुटते. काचेचे तुकडे उडून डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि बाटली हाताळणारी व्यक्ती पुष्कळदा घरातील स्त्री किंवा मूल असते. म्हणून हा वायू येतो कोठून आणि त्याचा दाब कशाने वाढतो, हे प्रत्येक उत्पादकाने समजून घेतले पाहिजे.

वायूची ओळख

पेयांत फसफसणारा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, अर्थात कर्बवायू. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याने १७६७ साली लीड्स या गावी बिअरच्या भट्टीत, आंबणाऱ्या द्रवाच्या पिंपावर साचणारा हा वायू पाण्यात मिसळून पाहिला व १७७२ साली त्याची कृती प्रसिद्ध केली. पुढे १७८३ साली जिनिव्हा येथे जेकब श्वेप याने असे पाणी विकण्याचा धंदा सुरू केला. आपल्याकडे परिचित असलेली गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाची. त्याने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. या बाटलीत आतील वायूच काचेची गोटी गळ्यातील रबरी कड्यावर दाबून धरतो, म्हणून तिला वेगळे बूच लागत नाही.

पाण्यात वायू किती मावतो हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : दाब व उष्णता. उघड्यावर, म्हणजे हवेच्या साध्या दाबाखाली, ४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात लिटरमागे सुमारे दीड लिटर वायू विरघळतो. तेच पाणी ३० अंशांवर असेल तर दोन-तृतीयांश लिटरच मावतो. पाणी जितके गार तितका वायू निमूटपणे आत राहतो. पाणी तापले की तो बाहेर पडू पाहतो व झाकणावर दाब आणतो.

एक लिटर पेयात तीन लिटर वायू भरला आहे असे समजू. ही बाटली शीतकपाटात ५ अंशांवर असताना आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोनेच अधिक असतो. ३० अंशांच्या खोलीत तो सुमारे साडेतीन किलो होतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहून अधिक. हीच बाटली वैशाखात ४० अंशांच्या उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली राहिली तर दाब साडेचार किलोच्या वर जातो. बाटली तीच, वायूही तेवढाच. केवळ जागा बदलल्याने दाब चौपट होतो.

बंद बाटलीत आंबणे : खरा धोका

वायू बाटलीत येण्याचा दुसरा मार्ग म्हणजे आंबण्याची क्रिया. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन तिचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करतात. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती उपयोगासाठी विनापरवाना बिअर करण्यास मुभा मिळाली. तेथील हौशी लोक बिअर पूर्ण आंबून शांत झाल्यावर बाटलीत मोजून थोडी साखर घालतात. त्या साखरेपासून निघणारा वायू बंद बाटलीत कोंडून बिअर फसफसते. यातील सारे मर्म मोजमापात आहे. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की सुमारे एक लिटर वायू तयार होतो. तीन लिटर वायूस १२ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पुरते. पहिली साखर पूर्ण संपण्यापूर्वी बाटली बंद केली, किंवा साखर अंदाजाने घातली, की बाटल्या फुटतात.

आता आपल्या पेयांचा विचार करावा. गोड सरबतात लिटरमागे १०० ग्रॅम साखर सहज असते. उसाच्या रसात ती याहूनही अधिक असते. वरील १२ ग्रॅमच्या मानाने ही साखर आठपटीहून जास्त झाली. ती सर्व बंद बाटलीत आंबली तर इतका वायू होईल की तो सामावणे कोणत्याही साध्या बाटलीच्या आवाक्याबाहेरचे आहे. बाटली त्याच्या कितीतरी आधी फुटते.

यीस्ट मुद्दाम घातले नाही म्हणजे धोका टळला, अशी समजूत करून घेऊ नये. फळांच्या सालीवर, उसाच्या कांडीवर, चरकावर व न उकळलेल्या भांड्यांवर यीस्ट निसर्गतःच असते. ताजी नीरा काही तासांत आंबू लागते, हे सर्वांना ठाऊक आहेच. कच्चा रस, पातळ केलेले कोकम सरबत किंवा आल्या-लिंबाचे पाणी घट्ट बूच लावून उबेत ठेवले, की बाटलीत गॅस न भरताही गॅस तयार होतो. शीतकपाटात ही क्रिया मंदावते, थांबत नाही. बाटली बाहेर काढून ठेवल्यावर ती पुन्हा वेग घेते.

आंबण्यात आणखी एक अडचण आहे. लिटरमागे ८ ग्रॅम साखर आंबली की पेयात सुमारे अर्धा टक्का मद्यार्क उतरतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा बिअर असो वा यीस्ट घालून केलेले आल्याचे पेय असो, गावातील उत्पादकाने हा मार्ग धरू नये. त्याला बाहेरून मोजून वायू भरण्याचा मार्ग मोकळा आहे व तोच अधिक निर्धोक आहे.

सोपी व निर्धोक रीत

सर्वांत सुरक्षित रीत अशी की गॅस केवळ साध्या पाण्यात भरावा आणि फळांचा पाक वेगळा ठेवावा. गिऱ्हाईक आले की पेल्यात एक भाग पाक व त्यावर पाच ते सहा भाग गार सोडा ओतावा. साध्या सोड्यात साखर नसते, म्हणून तो आंबत नाही. अमृत कोकमासारख्या घट्ट पाकात साखर इतकी दाट असते की तीत यीस्ट सहसा वाढू शकत नाही. कोकमाच्या सालीच्या सुमारे दुप्पट साखर घालण्याची जुनी पद्धत आहे, ती चवीपुरती नसून टिकाऊपणासाठीही आहे. काटकसर म्हणून साखर कमी केली किंवा पाकात पाणी मिसळून ठेवले, तर हे संरक्षण नाहीसे होते. पेल्यात दोन्ही एकत्र आले की पेय लगेच प्यायले जाते. आंबण्यास अवधीच मिळत नाही.

घरगुती सोडायंत्र वापरणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. यंत्रात फक्त गार साधे पाणी घालावे. सरबत घालून वायू सोडल्यास फेस उसळून वायूची वाट बुजण्याचा संभव असतो. यंत्राबरोबर मिळालेलीच बाटली वापरावी व तिच्यावर छापलेली मुदत संपली की ती बदलावी.

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी खाण्याचा सोडा व लिंबू यांचा उपयोग करावा. एका पेल्यास १ ग्रॅम, म्हणजे पाव लहान चमच्याहून थोडा कमी, खाण्याचा सोडा व एका लहान लिंबाचा रस पुरतो. सायट्रिक आम्ल वापरायचे तर ४ भाग सोड्यास ३ भाग आम्ल हे प्रमाण ठेवावे. हे मिश्रण उघड्या पेल्यातच करावे. बंद बाटलीत कधीही करू नये. धुण्याचा सोडा हा निराळा व अपायकारक पदार्थ आहे, त्याची गल्लत होऊ देऊ नये. खाण्याच्या सोड्यात सोडियम असल्यामुळे रक्तदाबाच्या रोग्यांनी असे पेय वरचेवर घेऊ नये.

बाटली व भांडी

साधी सरबताची, मधाची किंवा औषधाची काचेची बाटली दाबासाठी घडवलेली नसते. चौकोनी बाटली तर मुळीच वापरू नये, कारण दाब तिच्या कोपऱ्यांवर एकवटतो. गॅससाठी बनवलेली जाड, गोल बाटलीच घ्यावी. दरवेळी ती उजेडात धरून पाहावी. तोंडाला टवका, अंगावर खोल ओरखडा किंवा केसासारखी चीर दिसली की ती बाद करावी. प्लास्टिकमध्ये फसफसणाऱ्या पेयांसाठी केलेली, बुडाला पाकळ्या असलेली बाटली दाब सोसते. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली सोसत नाही.

बाटली काठोकाठ भरू नये. दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. द्रव तापून फुगला तर त्यास वाव हवा. गॅस भरलेली बाटली निर्जंतुक करण्यासाठी गरम पाण्यात ठेवणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय. पाणी उकळणे, गाळणे हे सर्व वायू भरण्यापूर्वी करून ते पूर्ण गार करावे. कोरड्या बर्फाचा तुकडा बंद बाटलीत टाकण्याचा खेळ कोणी केला तर तो तत्काळ थांबवावा. त्या बर्फाचा पाहता पाहता वायू होऊन बाटली फुटते.

सोडा किंवा आंबट सरबत कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. आम्लामुळे धातू पेयात उतरून विषबाधा होऊ शकते. स्टेनलेस स्टील किंवा काच उत्तम.

सिलिंडर हाताळताना

सोडा भरण्याच्या धंद्यात कर्बवायूचा सिलिंडर लागतो. २० अंशांवर त्यातील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५८ किलो असतो. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहू शकत नाही आणि भरलेल्या सिलिंडरातील दाब झपाट्याने चढतो. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. सिलिंडर सावलीत, उभा व भिंतीशी साखळीने बांधून ठेवावा. चुलीजवळ वा उन्हात ठेवू नये.

२. खाद्य पेयांस योग्य असा वायूच घ्यावा. सिलिंडरवरील चाचणीची तारीख पाहून घ्यावी.

३. रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी करणारा नियामक, व सुरक्षा-झडप यांशिवाय बाटली वा यंत्र सिलिंडरला जोडू नये.

४. बाटली भरताना ती लोखंडी जाळीच्या किंवा झाकणाच्या आत असावी. भरणाऱ्याने डोळ्यांवर संरक्षक चष्मा व हातांत जाड मोजे घालावेत.

५. खोली हवेशीर असावी. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असून जमिनीलगत साचतो. बंद खोलीत तो गळत राहिल्यास माणूस गुदमरतो.

फुगलेली बाटली आढळल्यास

सरबताची प्लास्टिकची बाटली दगडासारखी कडक झाली, बूड फुगले किंवा काचेच्या बाटलीत बारीक बुडबुडे सतत चढताना दिसले, की आत आंबणे चालू आहे असे समजावे. ती हलवू नये व चेहऱ्याजवळ नेऊ नये. मुलांना दूर करून तिच्यावर जाड ओले पोते टाकावे. पहाटेच्या गारव्यात दाब कमी असतो. त्या वेळी चष्मा व मोजे घालून, पोत्याआडूनच झाकण अगदी थोडे सैल करावे आणि वायू हळूहळू जाऊ द्यावा. आतील पेय फेकून द्यावे. त्याच घाण्यातील इतर बाटल्याही संशयास्पद मानाव्यात.

ग्रामसेवकांनी काय करावे

ही गोष्ट व्याख्यानापेक्षा प्रयोगाने लवकर पटते. सकाळी एका बाटलीत अर्धा लिटर ताजा उसाचा रस घालून तोंडावर रबरी फुगा ताणून बसवावा. शेजारी तशाच बाटलीत साधे पाणी घ्यावे. दोन्ही बाटल्या उबेत ठेवून दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत मांडाव्यात. रसावरचा फुगा उभा राहिलेला असतो, पाण्यावरचा लोळत असतो. फुग्याच्या जागी घट्ट बूच असते तर काय झाले असते, हे मग कोणास सांगावे लागत नाही.

विक्रीसाठी पेय तयार करणाऱ्या गटांना २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना घेण्यास ग्रामसेवकांनी साहाय्य करावे. फळप्रक्रियेचे प्रशिक्षण जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात वा कृषी विद्यापीठात मिळते. कोकणातील उत्पादकांसाठी दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीच ही चौकशी करावी, टवके पडलेल्या बाटल्या वेचून काढाव्यात आणि सिलिंडरची जागा सावलीत हलवावी. मार्च उजाडण्याच्या आत एवढी तयारी झाली, तर उन्हाळ्यातील विक्री निर्वेधपणे पार पडेल.