कापूस वेचणारी बाई नेमकी कुठे वाकते?

‘कापूस वेचणाऱ्या स्त्रिया’ हा स्मरणचित्राचा विषय भोकर तालुक्यातल्या मुलांसाठी रोजच्या पाहण्यातला. तरीही एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत अनेक मुले वाकलेल्या बाईची पाठ मानेपासून मांडीपर्यंत एकाच कमानीत काढतात. शरीर मात्र असे वाकत नाही.

वाकण्यातला मोठा वाटा खुब्याच्या सांध्याचा. मांडीच्या हाडाचा गोल माथा श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या घेराच्या, खोबणीत बसलेला असतो आणि त्या माथ्यावर श्रोणी पुढे कलते. उरलेला बराचसा वाक कमरेच्या ५ मणक्यांत येतो. बरगड्यांना जोडलेले पाठीचे १२ मणके त्या मानाने कमी वाकतात. मांडीच्या मागचे स्नायू श्रोणीच्या तळाशी चिकटलेले असतात. ते ताठर असले, की श्रोणीला पुरते कलता येत नाही आणि वाकण्याचे काम कमरेच्या मणक्यांवर पडते. गुडघे थोडे मुडपले, की हेच स्नायू सैलावतात. चित्रातली रेष कुठे मोडायची हे ठरवताना मुलाला वेचणीनंतर कंबर का भरून येते, याचेही एक कारण कळते.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत प्रत्येक भागाला नाव दिलेले असते, ते पाठ करता येते. चित्र काढणाऱ्याला मात्र हा उंचवटा हाडाचा की स्नायूचा, तो कुठे सुरू होतो आणि हालचालीत कुठे सरकतो, हे ठरवल्याशिवाय पुढची रेष ओढता येत नाही. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा ज्या शब्दांची चित्रे काढली ते शब्द लोकांच्या जास्त लक्षात राहिले. ते प्रयोग साध्या शब्दांवरचे होते. पण पाहणे, अर्थ लावणे आणि हाताने उतरवणे ही तिन्ही कामे शरीराचे चित्र काढतानाही एकत्रच होतात.

कला आणि शरीरशास्त्राचे हे नाते जुने आहे. लिओनार्दो दा विंची स्वतः शवविच्छेदन करून रेखाटने करत असे. १५४३ मध्ये व्हेसॅलियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ निघाला. त्यातल्या चित्रांमध्ये सांगाडे आणि स्नायूंची शरीरे जिवंत माणसासारखी उभी आहेत. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेने मानवाकृतीच्या अभ्यासाची परंपरा महाराष्ट्रात रुजवली. तिथे शिकत असतानाच गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवले.

धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतारही जे. जे.चेच विद्यार्थी. पुढे १९५४ ते १९५८ या काळात त्यांनी औरंगाबादला पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या चित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी त्रिभंगात, म्हणजे तीन ठिकाणी वाकून, उभा आहे. एका पायावर भार घेतला, की त्या बाजूची कंबर वर येते, तोल सांभाळण्यासाठी धड उलट दिशेला कलते आणि मान पुन्हा वळते. चित्रकाराने हा तोल डोळ्यांनी टिपला होता. सुतार यांच्या १८२ मीटर उंच सरदार पटेल पुतळ्यासाठी मात्र हाताने घडवलेल्या नमुन्याला संगणकाची जोड मिळाली.

ही जोड आता तालुक्याच्या गावीही मिळू शकते. ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात आभासी मातीचा गोळा दाबून, ओढून, खरवडून मूर्ती घडवता येते. कागदावर समोरची बाजू साधली तरी चालते, पण पडद्यावर आकृती फिरवताच पाठीमागची चूक उघडी पडते. हात डोक्यावर नेताना खवाटा, म्हणजे खांद्यामागचे चपटे हाड, बरगड्यांवरून फिरत जातो. साधारण १८० अंशांपैकी सुमारे ६० अंश त्याचे आणि बाकीचे खांद्याच्या सांध्याचे. पाठ घडवणाऱ्याला हे टाळता येत नाही.

मात्र संगणकाला वजन कळत नाही. डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी करण्याची सोयही फसवी आहे, कारण भार एका पायावर आला की दोन्ही बाजू सारख्या उरत नाहीत. म्हणून आधी जिवंत माणसाचे रेखाटन करावे आणि मग पडद्यावर मूर्ती घडवावी.

सुरुवात आपल्याच अंगावरून करता येते. तळहात वर करून मग पालथा घाला. अंगठ्याच्या बाजूचे हाड दुसऱ्या हाडावर आडवे येते, म्हणून मनगटाजवळचा आकार बदलतो. घोटे चाचपून पाहा, आतला उंचवटा बाहेरच्यापेक्षा वर लागतो. आरशात मोजा, डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, कपाळाजवळ नव्हे.

भोकरच्या मुलांसाठी वैद्यकीय शिक्षणाचे सरकारी महाविद्यालय जिल्ह्यातच, नांदेडच्या विष्णुपुरीत आहे. तिथे पोहोचण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलांनी चित्रकलेचा तास वाया जातो असे मानू नये. आणि शिक्षकांना विनंती एवढीच, की शाळेच्या प्रयोगशाळेत सांगाड्याची प्रतिकृती किंवा तक्ता असेल, तर आठवड्यातून एकदा तो चित्रकलेच्या वर्गात आणा आणि विज्ञानाच्या शिक्षकांनाही त्या तासाला बोलवा.